९ बाय १२ चं ऑफिस, ७५ हजारांत

नवीन ऑफिस थाटणारा माणूस आधी टेबल बघायला जातो. मीही गेलो होतो. कर सल्लागाराचं काम स्वतंत्र सुरू करायचं ठरलं, पुण्यात नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर ९ फूट बाय १२ फुटांची खोली भाड्यानं मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी मी फर्निचरच्या दुकानात एका काळ्या, चकचकीत टेबलासमोर उभा. साडेपाच बाय अडीच फुटांचं, मागे साहेबी खुर्ची. नशीब एवढंच, की त्या दिवशी खिशात पैसे नव्हते. घरी येऊन कागदावर मापं मांडली तेव्हा लक्षात आलं, की ते टेबल खोलीत मधोमध ठेवलं असतं तर माझ्या मागे भिंत, पुढे क्लायंट, आणि फायली ठेवायला फक्त माझी मांडी.

ती खोली उभी करताना कामं कोणत्या क्रमानं केली, आणि खरं तर कोणत्या क्रमानं करायला हवी होती, ते इथे सांगतो. विमा, वकिली, नकाशे, तिकिटं, असं टेबल-खुर्ची-कागदावर चालणारं कुठलंही काम यात बसेल. दवाखाना आणि शिकवणीचं गणित वेगळं, ते इथे नाही. सगळीकडे एकच सूत्र पाळलं: जमीन माणसांसाठी, भिंत कागदांसाठी. जमिनीवर पाय रोवून बसणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मी अजूनही संशयानं बघतो.

खरेदीआधी आठ दिवसांची नोंद

आज तुम्ही जिथून काम करता, मग ते घरातलं जेवणाचं टेबल का असेना, तिथे आठ दिवस एक वही ठेवा. दिवसभरात किती माणसं आली, एका वेळी जास्तीत जास्त किती होती, किती वेळ बसली, कोणता कागद किती वेळा काढला, प्रिंट किती मारल्या. माझ्या नोंदीतून तीन गोष्टी निघाल्या. एका वेळी दोनपेक्षा जास्त क्लायंट क्वचितच येतात, आणि येतात तेव्हा नवरा-बायको किंवा बाप-लेक असतात, म्हणजे बाकड्यापेक्षा दोन खुर्च्या बऱ्या. रोज लागणाऱ्या फायली जेमतेम तीस, बाकीच्या वर्षातून एकदा. आणि प्रिंटर मला वाटत होता तेवढा लागत नाही. तो टेबलावर हाताशी असण्याची काही गरज नव्हती.

ही नोंद आधी केली नसती, तर भेटायला येणाऱ्यांसाठी सोफा घेतला असता. दोन माणसांचा सोफा साधारण पाच फूट रुंद असतो. १०८ चौरस फुटांच्या खोलीत सोफा म्हणजे घरात हत्ती.

टेप, खडू आणि सूत

माप स्वतः घ्या. करारात लिहिलेलं क्षेत्रफळ आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतची खरी मोकळी जागा यांची गाठ क्वचितच पडते. जुन्या इमारतीत भिंती ओळंब्यात नसतात, म्हणून प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, कमरेला, आणि डोक्याच्या उंचीला. माझ्या खोलीची रुंदी खाली ९ फूट आणि वर ८ फूट ११ इंच निघाली. त्या एका इंचानं तयार फळी अडकली असती.

माप फूट-इंचांतच लिहा, कारण सुतार त्याच भाषेत बोलतो. इंचाच्या आत तो सुतात बोलेल: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "साडेतीन फूट दोन सूत" ऐकून मान डोलवू नका, ते पाव इंच जास्त आहे हे तिथल्या तिथे समजलं पाहिजे.

खिडकीच्या कठड्याची उंची, बीम कुठे उतरतो, वीजमीटरपासून आलेली वायर कुठून आत शिरते, दार कोणत्या बाजूला उघडतं, हे सगळं त्याच कागदावर. दाराचं तर विशेष. अडीच फुटांचं दार उघडताना जवळजवळ पाच चौरस फूट जमीन झाडून घेतं आणि तिथे कायमचं काही ठेवता येत नाही. माझं दार खोलीच्या मध्याकडे उघडत होतं. बाहेर उघडायला लावावं तर सामायिक बोळ अडतो, शेजारी भांडतात, आणि त्यांचं बरोबरही असतं. शेवटी बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला बसवून दार भिंतीला टेकेल असं केलं. खर्च ९०० रुपये. पूर्ण कामात इतक्या स्वस्तात एवढी जागा दुसऱ्या कशानंही दिली नाही.

मग खडू घ्या आणि फरशीवर टेबल, रॅक, खुर्च्या प्रत्यक्ष आखा. आखलेल्या टेबलामागे घरून आणलेली खुर्ची ठेवून बसा, उठा, कुणाला तरी मागून जायला सांगा. काही मापं मला इथेच पटली. टेबलाच्या कडेपासून मागच्या अडथळ्यापर्यंत ३ फूट असले तर खुर्ची सरकवून सहज उठता येतं. अडीच फुटांत उठता येतं, पण रोज चिडचिड होते. चालायच्या वाटेला २४ इंच म्हणजे अगदी किमान, २७ असले तर बरं, आणि जाडजूड फायलींची पिशवी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ३० असले तर फारच उत्तम.

मांडणी कशी ठरली

माझं दार दक्षिणेच्या छोट्या भिंतीत, डाव्या कोपऱ्यात. खिडकी समोरच्या उत्तरेच्या भिंतीत. पूर्वेच्या १२ फुटी भिंतीला खिडकीपासून ८ फूट लांब, २ फूट खोल अशी सलग फळी टाकली. तिच्या दाराकडच्या टोकाला काटकोनात साडेतीन फुटांची आणखी एक फळी खोलीत बाहेर काढली. झाला इंग्रजी एल. मी त्या कोपऱ्यात बसतो. भिंतीकडे वळलो की संगणक, दाराकडे वळलो की क्लायंट, त्यांच्या दोन खुर्च्या एलच्या पलीकडे. माझी एक सहकारी आहे, ती बसते खिडकीजवळच्या टोकाला. पश्चिमेच्या भिंतीला, दाराची फळी जिथे टेकते ते ३ फूट सोडून, १५ इंच खोलीचे तीन रॅक. एलचं टोक आणि रॅक यांच्यामध्ये बरोबर २७ इंच उरले.

या मांडणीचा मोठा फायदा म्हणजे क्लायंटला माझा स्क्रीन दिसत नाही. आमच्या धंद्यात एकाचे आकडे दुसऱ्याच्या नजरेला पडणं परवडत नाही. दुसरा फायदा उजेडाचा. खिडकी डाव्या हाताला येते, त्यामुळे स्क्रीनवर झळाळी पडत नाही आणि उजव्या हातानं लिहिताना हाताची सावली कागदावर येत नाही. खिडकी पाठीमागे आली तर स्क्रीनचा आरसा होतो, समोर आली तर डोळे दिपतात.

वास्तूबद्दल घरातून विचारणा होणारच, त्याची तयारी ठेवा. संगणकाकडे तोंड केलं की मी पूर्वाभिमुख होतो, हे ऐकून सासरे समाधानानं परत गेले. क्लायंटकडे वळलो की दक्षिण येते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वीज आधी, रंग नंतर, फर्निचर सर्वांत शेवटी

हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. टेबल आल्यावर सॉकेट त्याच्यामागे दडलेला सापडतो, मग एक्स्टेंशन बोर्ड येतो, त्या बोर्डात दुसरा बोर्ड, आणि पायाशी वायरींचं घरटं. छोट्या ऑफिसातलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण तेच.

भाड्याची जागा असेल तर भिंत फोडून वायरिंग करू नका. वायर आत झाकणारी पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी भिंतीवरून न्या. स्वस्त पडते, एका दिवसात होते आणि जाताना मालकाशी वाद होत नाही. दिसायला कसं दिसेल, अशी शंका येईल. पट्टी छताच्या कडेनं आणि टेबलाच्या खालून नेली, भिंतीचाच रंग तिच्यावर मारला, की आठ दिवसांनी तुम्हालाही दिसेनाशी होते.

वायरमनशी बोलताना एवढं पक्कं करा. दिव्या-पंख्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर, सॉकेटसाठी २.५ ची, आणि पुढे कधी एसी बसवणार असाल तर त्याच्यासाठी ४ ची स्वतंत्र लाइन आत्ताच ओढून ठेवा. बोर्डावर एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, असतातच. त्यांच्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. विजेचा झटका बसायच्या वेळी जीव वाचवणारा तोच. अर्थिंग खरोखर आहे का, की तिसऱ्या भोकात नुसती वायर खोचली आहे, हे टेस्टरवर न सोडता मल्टिमीटरनं मोजायला लावा.

सॉकेट किती? मोजून काढा, वर दोन वाढवा. दोन लॅपटॉप, दोन मॉनिटर, राउटर, प्रिंटर, दोन मोबाइल आणि एक पाणी तापवायची किटली, असे माझे नऊ झाले. किटलीसाठी १६ अँपिअरचा, बाकीचे ६ चे. टेबलावरचे सॉकेट फळीपासून ८ इंच वर घेतले, म्हणजे अडॅप्टरचं ठोकळं आडवं येत नाही. राउटर आणि प्रिंटर यांचे पॉइंट रॅककडच्या भिंतीला.

पुण्यात देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. मला आधी इन्व्हर्टर-बॅटरी हवी होती. मग हिशेब केला: लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, बंद पडतो तो फक्त राउटर. १,३०० रुपयांची राउटरपुरती छोटी यूपीएस घेतली आणि वीसेक हजारांचा खर्च टळला. डेस्कटॉप संगणक वापरणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांना मोठी यूपीएस घ्यावीच लागेल.

वीजजोडणी कोणत्या दराची आहे तेही मालकाला विचारा. घरगुती मीटरवर ऑफिस चालवलं आणि तपासणी झाली, तर फरकाचं बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. मंजूर भार किती हे बिलावर छापलेलं असतं. एसीचा विचार त्यानंतर.

एका प्लायमध्ये सगळं ऑफिस

माझ्या सगळ्या हिशेबात मला सर्वांत आवडलेला भाग हा, म्हणून जरा सविस्तर.

प्लायवूड बाजारात ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये मिळतं. सुतार अंदाजानं "दोन शीट लागतील" म्हणतो, कारण अर्धवट उरलेला माल त्याच्या पुढच्या कामाला येतो. तुम्ही कागदावर शीट आखून बघा. माझी १८ मिलिमीटरची एक शीट लांबीत मधोमध कापली, ८ बाय २ च्या दोन पट्ट्या झाल्या. पहिली पट्टी म्हणजे भिंतीकडची सलग फळी, जशीच्या तशी. दुसरीतून साडेतीन फूट कापले, तो एलचा बाहेर आलेला भाग. उरलं साडेचार बाय दोन. ते लांबीत पुन्हा मधोमध चिरलं, टेबलावरच्या भिंतीसाठी साडेचार फुटांची दोन शेल्फ मिळाली. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला साधारण एक सूत जातं, एवढं धरलं की झालं. उरला फक्त भुसा.

सनमायकाची शीटही ८ बाय ४ च असते, म्हणून तीही एकच लागली. फळीच्या खालच्या बाजूला पातळ स्वस्त लायनर लावून घ्या. एकाच बाजूला सनमायका लावलेली फळी पावसाळ्यात दमट हवेनं वाकते. कोरड्या खोलीत एमआर प्रतीचं (दमटपणा सोसणारं) प्लाय पुरतं. ज्या भिंतीला ओल येते तिथे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं) घ्या, किंवा ती भिंतच टाळा. प्रीलॅम पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला, वर तयार थर असलेला) स्वस्त असतो आणि दिसतोही छान, पण स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की धरत नाही. भाड्याच्या जागेत फर्निचर कधी ना कधी उकलावं लागणार, तेव्हा प्लायच बरं. खिळे आणि फेविकॉलऐवजी सगळं नट-बोल्ट आणि स्क्रूवर करून घ्या. जे भिंतीत गेलं ते मालकाचं, जे उकलता येतं ते तुमचं.

फळीला आधार लाकडाचा केला नाही. एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतली: दोन टोकांना पाय, एक मध्ये. आठ फुटांची १८ मिलिमीटर फळी मध्ये आधाराशिवाय ठेवली तर वर्षभरात झोळ येतो. पाय भिंतीलगत घेतले, पुढे मोकळं ठेवलं, म्हणजे गुडघे अडत नाहीत. टेबलाखाली ड्रॉवर मुद्दाम केले नाहीत. मांडीला लागतात आणि त्यांत सेफ्टी पिना, जुनी बिलं आणि एक मेलेलं पेन याशिवाय काही साठत नाही.

उंची. सुतार न विचारता ३० इंच धरतो. मी २९ सांगितली. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला ३० इंचांवर कोपर वर उचलून टाइप करावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. सहकारी माझ्यापेक्षा ठेंगणी आहे. तिच्या पायाखाली घरातला जुना लाकडी पाट ठेवला. बाजारातल्या फूटरेस्टपेक्षा तो काकणभर सरसच आहे.

प्लायला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, विजेच्या सामानाला तपकीर गल्ली, स्क्रू-बिजागऱ्या-ब्रॅकेटला बोहरी आळी, असा एक दिवसाचा फेरा केला. मुंबईकरांना विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आहेच. तिन्ही ठिकाणी भाव करताना यादी हातात असू द्या. ज्याच्याकडे यादी नसते त्याला दुकानदार स्वतःची यादी देतो.

कागदांचं वजन

"सगळं ऑनलाइन झालंय, फायली कशाला?" असं लोक मला विचारतात. कारण जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात आणि माझ्या निम्म्या क्लायंटची बिलं अजून कागदावर आहेत. तुमच्या धंद्याची अशी मुदत काय ते आधी शोधा, कारण रॅक किती हवेत हे त्यावर ठरतं.

बॉक्स फाइल साधारण ३ इंच जाड आणि १४ इंच उंच. ३ फुटांच्या रॅकच्या एका खणात ११ आरामात बसतात. १२ बसवल्या तर काढताना शेजारची बाहेर येते. ६ फुटी स्लॉटेड अँगल (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) रॅकमध्ये पाच फळ्या, म्हणजे एका रॅकमध्ये ५५. तीन रॅकमध्ये १६५, त्यातून प्रिंटरसाठी एक खण सोडला तर दीडशेच्या वर. कपाट घेतलं असतं तर त्याची दारं उघडायला पुढे दीड फूट मोकळं सोडावं लागलं असतं, आणि माझी वाटच २७ इंचांची. उघडा रॅक दिसायला गोदामासारखा दिसतो हे मान्य. मी त्याच्यापुढे साध्या खादीचा पडदा सरकत्या दांडीवर लावला.

वजन मात्र हलकं समजू नका. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रिम सुमारे २.३ किलो भरतं. ठासून भरलेल्या ११ फायली म्हणजे एका खणात २५-३० किलो. म्हणून रॅक वरच्या बाजूला भिंतीशी फास्टनरनं बांधायचाच, जड फायली खाली, हलक्या वर. टेबलावरची शेल्फ प्रत्येकी तीन ब्रॅकेटवर बसवली आणि तिथे फक्त रोजच्या तीस फायली ठेवल्या. भिंत विटांची आहे याची खात्री ठोकून करा. जिप्समच्या पार्टिशनवर असली शेल्फ टिकत नाहीत. खालचं शेल्फ टेबलापासून २० इंच वर, म्हणजे मॉनिटर त्याच्याखाली बसतो. शेल्फची खोली बारा इंचांच्या आतच ठेवा, नाहीतर उठताना कपाळमोक्ष.

प्रत्येक फायलीच्या पाठीवर नाव मोठ्या अक्षरात आणि वर्ष रंगीत टिकलीनं. निळी टिकली एका वर्षाची, लाल दुसऱ्या. टिकल्यांचं पाकीट घरातूनच मिळालं, परवानगी न घेता.

उजेड

ऑफिसच्या कामाला टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असावा असं धरतात. दिवा देतो तो उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन म्हणजे लक्स. १०८ चौरस फूट म्हणजे साधारण १० चौरस मीटर. २० वॅटची एलईडी बॅटन साधारण २,००० ल्यूमेन देते, पण त्यातला बराच उजेड भिंती-छतात मुरतो, अर्धाच टेबलापर्यंत पोचतो असं समजा. तीन बॅटन म्हणजे ६,०००, त्यातले ३,००० हाती, भागिले १०: ३०० लक्स. हिशेब ढोबळ आहे, पण एका दिव्यावर भागणार नाही हे त्यावरून कळतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागा. वायरमन सवयीनं बॅटन खोलीच्या मध्यावर लावतो. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याच्या ती पाठीमागे येते आणि त्याचीच सावली त्याच्या कागदावर पडते. दोन बॅटन टेबलाच्या कडेच्या बरोबर वर घेतल्या, तिसरी क्लायंटच्या बाजूला. रंग पांढराशुभ्र ६,५०० केल्विन न घेता ४,००० चा घेतला. ६,५०० मध्ये माणसं आजारी दिसतात; कराचा आकडा ऐकल्यावर दिसतात तेवढी पुरे.

भिंतींना फिका पांढरा, छताला शुभ्र. गडद रंगाची एक भिंत करायचा मोह छोट्या खोलीत आवरा. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घेतला. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा तिसाच्या. दिवसाचे दहा तास चालणाऱ्या पंख्यात जास्तीचे पैसे वसूल होतात. एसी पहिल्या वर्षी नाही. उत्तरेची खिडकी असल्यानं निभावलं, पश्चिमेची असती तर कदाचित नसतं निभावलं.

खुर्ची: इथे काटकसर नको

टेबल स्वस्तातलं चालतं, पडद्याला जुनी चादर चालते, पण दिवसातले दहा तास ज्याच्यावर बसायचं ते स्वस्तातलं नको. माझ्यासाठी नवीन जाळीची घेतली, ७,५०० ची. सहकारीसाठी बंद झालेल्या एका मोठ्या ऑफिसातून आलेली वापरलेली, ३,८०० ला. वापरलेल्या खुर्च्या उत्तम सौदा असतात, फक्त बघून घ्या. सीट पूर्ण वर करा आणि पाच मिनिटं बसून राहा; हळूहळू खाली आली तर गॅसलिफ्ट गेलेली आहे. उलटी करून पाच पायांच्या सांध्याला तडा आहे का बघा. चाकं केसांच्या गुंत्यानं अडली असतील तर ते साफ होतं, त्यावर भाव करा. पाठीचा आधार कमरेच्या खळगीत येतो का, हे दुकानात बूट काढून बसून ठरवा.

लॅपटॉपवर थेट काम करणाऱ्यांची मान पहिली जाते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. सुरुवातीला मी लॅपटॉपखाली करकायद्याचे दोन जुने खंड ठेवले आणि वेगळा कीबोर्ड जोडला. ते खंड इतके उपयोगी पूर्वी कधीच पडले नव्हते.

क्लायंटच्या खुर्च्या बिनचाकाच्या, बिनहाताच्या. चाकाची दिली की माणूस बोलता बोलता मागे सरकतो आणि दारात जातो.

पाटी, नोंदणी आणि रद्दी

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे; दोन-चारच माणसं कामाला असतील तर पूर्ण नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात, आणि बँकेत चालू खातं उघडताना ती मागितली जाते. पाटी मराठीत देवनागरी लिपीत असायलाच हवी, आणि शेजारी दुसऱ्या लिपीत नाव लिहिणार असाल तर देवनागरी अक्षरं त्याहून लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान आस्थापनांनाही लागू आहे, तेव्हा पाटी रंगवायला देतानाच सांगा. भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृतच करा.

दाराजवळ २ किलोचा एबीसी प्रकारचा (कागद, तेल आणि वायूच्या आगीला चालणारा) अग्निशामक टांगा, काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. आणि रद्दी. क्लायंटच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्स रद्दीवाल्याकडे जाऊन शेंगदाण्याच्या पुड्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कागद फाडायचं यंत्र घेतलं नाही. शनिवारी शेवटचा अर्धा तास हातानं फाडतो.

शेवटचा हिशेब

माझे आकडे देतो. तुमच्या गावात आणि तुमच्या वेळी ते हलतील, प्रमाण मात्र फारसं बदलू नये. वीजकाम १३,५००. रंग ६,०००. टेबल ११,०००, त्यात प्लाय २,९००, सनमायका आणि लायनर २,१००, लोखंडी चौकट ३,४००, मजुरी २,६००. रॅक, शेल्फचे ब्रॅकेट मिळून ९,५००. चार खुर्च्या १४,१००. दिवे-पंखा ३,८००. राउटरची यूपीएस १,३००. पाटी, पडदा, अग्निशामक, कचऱ्याचा डबा आणि किरकोळ ५,५००. एकूण ६४,७००.

७५ हजारांतले १०,३०० मुद्दाम हातचे ठेवले होते, आणि पहिले दोन महिने त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. खरी अडचण कुठे आहे ते खोली वापरल्यावरच कळतं. दाराच्या बिजागऱ्यांचे ९०० त्यातूनच गेले, कारण खडूनं आखताना मी दार उघडून बघायला विसरलो होतो. जुलैमध्ये विवरणपत्रांची गर्दी झाली तेव्हा तिसरा-चौथा क्लायंट बोळात उभा राहायला लागला. दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या आणल्या, दारामागच्या भिंतीला दोन हुक मारले. दार भिंतीला टेकतं तिथे चार इंचांची फट राहते. घडी केलेल्या खुर्च्या त्या फटीत बसतात, आणि ऑगस्ट उजाडला की परत तिथेच जातात.